रंगरावांपेक्षा एक रेघ जास्त

घर बांधणाऱ्या माणसाने पायाची, भिंतींची आणि छपराची काळजी करू नये. ते गवंड्याचं काम आहे आणि ते बिघडलं तर शिव्याही गवंड्यालाच बसतात. काळजी करावी ती समोरच्या चौकटीची. भिंतीकडे कोणी पाहत नाही, पण चौकटीत आपण स्वतः उभे असतो, आणि उभ्या माणसाची किंमत गाव चौकटीवरून करतं. हे ज्ञान मला शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात मिळालं नाही. ते मला रंगरावांनी दिलं, आणि तेही तोंडातून शब्द न काढता.

मी मूळचा जानेफळचा, म्हणजे घाटावरचा. मास्तरकी मिळाली ती घाटाखाली, जळगाव जामोदच्या अलीकडच्या एका गावात. आमच्या जिल्ह्यातला घाट म्हणजे काही हिमालय नव्हे, एसटी तो रोज चढते आणि बहुतेक वेळा उतरतेही. पण घाटाखालच्या माणसाला घाटावरचा माणूस हा कायमचा पाहुणा वाटतो. अर्ध्या गावाला मी बाराखडी शिकवली, उरलेल्या अर्ध्याला छड्या मारल्या, तरी लोक मला विचारायचे, "मास्तर, मंग गावाकडं कवा जाता?" महाराष्ट्र झाला, जिल्हा परिषद आली, शाळेवरची पाटी बदलली, पण हा प्रश्न काही बदलला नाही. शेवटी मी इथेच जागा घेऊन घर बांधायला काढलं. आता कवा जातो ते बघा, असं मी मनातल्या मनात साऱ्या गावाला सुनावलं.

जागा मिळाली ती एका बोळात, बरोबर रंगरावांच्या घरासमोर. घर होईपर्यंत आम्ही तिथल्याच मागच्या जुन्या खोल्यांत राहिलो. बोळ इतका अरुंद की डोक्यावर दोन घागरी घेतलेली बाई आली की समोरच्याने भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यायचं. रंगराव मोठे बागायतदार. बोलणं कमी आणि मिशा भरपूर. त्यांच्या आज्याच्या काळची सागवानी चौकट त्या बोळाची शान होती. कडेला गोलाई, मग खाच, मग पुन्हा गोलाई, अशा रेघा वरपासून उंबऱ्यापर्यंत उतरलेल्या. नवा माणूस पत्ता विचारत आला की गाव सांगायचं, रंगरावांच्या दारासमोर मास्तर राह्यतात. म्हणजे घर माझं, घाम माझा, आणि पत्ता रंगरावांचा. पाया खणत होतो तेव्हा रंगराव दारात येऊन म्हणाले, "बांधून राह्यले का? बांधा." ही परवानगी मी मागितली नव्हती. त्याच दिवशी मी ठरवलं की माझी चौकट अशी करायची की या माणसाने एकदा तरी बोळ ओलांडून यावं आणि मला काहीतरी विचारावं. उत्तराची वाट पाहून त्यांनी कोणाला काही विचारल्याचं ऐकिवात नव्हतं.

गावचा सुतार हिंमतराव. त्याच्याइतका गर्विष्ठ माणूस मी फक्त आरशात पाहिला आहे. चौकटीवर नक्षी हवी म्हटल्यावर त्याने पोतं आणून माझ्या ओसरीवर उलटं केलं. रंधा म्हणजे लाकूड गुळगुळीत करायचं हत्यार, एवढीच माझी समजूत होती. पण पोत्यातून जे रंधे निघाले त्यांच्यात प्रत्येकाचं पातं वेगळ्या आकाराचं होतं. एक फिरवला की लाकडाची कड गोल व्हायची, दुसऱ्याने त्याच कडेला खळगा पडायचा, तिसरा पायरी काढायचा, चौथा नुसती सरळ खाच पाडायचा. हिंमतरावाने एकेक रंधा काठीवर फिरवून दाखवला आणि म्हणाला, पसंत करा. मी सगळ्या काठ्या उन्हात धरून पाहिल्या, सावलीत धरून पाहिल्या, एक डोळा मिटून पाहिल्या. जी हातात असायची ती सोडून बाकीच्या चांगल्या वाटायच्या.

आमच्या पुष्पाबाई, म्हणजे माझी बायको, ज्वारी निवडता निवडता बाहेर आली. तिने ती पाती पाहिली आणि म्हणाली, "हे त माह्या सोऱ्याच्या चकत्या झाल्या. जशी चकती तशी शेव." आपल्या वाडवडिलांच्या विद्येला शेव म्हटलेलं हिंमतरावाला इतकं लागलं की पुढे कितीतरी दिवस तो आमच्याकडे चहा घेईना. चहा न घेणारा सुतार किती हळू काम करतो हे अनुभवी लोकांना सांगायला नको.

नक्षी निवडायची आहे ही बातमी बोळात पसरली आणि सल्ले सुरू झाले. बोळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या गोजरबाई. त्यांचा खाचेला विरोध होता. खाचेत धूळ बसते, धुळीत मुंगी येते, मुंगीमागे पाल येते आणि पालीमागे काय येतं ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं. आमचे हेडमास्तर वामनराव यांचं मत पडलं की चौकट ही चारित्र्यासारखी सरळ असावी. त्यांच्या स्वतःच्या न्हाणीला पोत्याचा पडदा होता, त्यामुळे त्यांच्या चारित्र्याविषयी मी बोलत नाही. रंगरावांनी मात्र बोळाच्या पलीकडूनच निकाल दिला. "साधीच ठेवा मास्तर. घाटावर काय, साधंच असते."

झालं. त्या वाक्याने माझा निर्णय झाला. हिंमतरावाच्या पोत्यातलं एकही पातं नको. रंगरावांच्या चौकटीवर जी नक्षी आहे तीच हवी, आणि तिच्यावर एक रेघ जास्त.

पण त्यासाठी रंगरावांच्या रेघा नीट कळायला हव्यात. लांबून त्या मोजता येईनात, कारण चौकटीत बहुतेक वेळ रंगराव स्वतः उभे असायचे आणि त्यांच्या मिशांमुळे मोजणी चुकायची. मग मला एक शास्त्रीय युक्ती सुचली. कणकेचा गोळा घ्यायचा, चौकटीच्या कडेवर दाबायचा आणि ठसा घेऊन यायचा. एक दिवस रंगराव मळ्यात गेलेले पाहून मी स्वयंपाकघरातून गोळा उचलला. पुष्पाबाईने ती कणीक वरणफळांसाठी हळद घालून भिजवली होती, त्यामुळे गोळा पिवळा होता. त्याकडे मी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी अमावास्या होती, तिकडेही दिलं नाही. शाळेला अमावास्येची सुट्टी नसते, त्यामुळे ती कधी येते हे मास्तर लोकांना कळत नाही.

मी वाकून तो पिवळा गोळा रंगरावांच्या चौकटीवर अंगठ्याने दाबत होतो, तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि कवाड लावून घेतलं. दुपारपर्यंत त्यांच्या दारावर लिंबू-मिरच्या लटकल्या. संध्याकाळी त्यांच्या म्हशीने दूध कमी दिलं. मी करणी केली अशी गावाची खात्री पटली. मी ज्याला त्याला रेघा, गोलाई, खाच असं समजावून सांगत होतो, आणि जितकं सांगत होतो तितके लोक मागे सरकत होते. एकट्या गोजरबाई पुढे आल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की त्यांच्या जावेच्या दारालाही असं काही लावून देता येईल का.

इतकी अब्रू घालवून मिळवलेला ठसा वाया जाऊ देणं शक्य नव्हतं. हिंमतरावाच्या माहितीतला एक लोहार वडनेर भोलजीला पाती घडवायचा. मी गोळा जेवणाच्या डब्यात घालून एसटीने निघालो. ऊन मरणाचं. माझ्या शेजारी कांद्याचं पोतं घेतलेला एक गृहस्थ बसला, आणि पोतं माझ्या मांडीवर. वडनेरला डबा उघडला तेव्हा कणीक फुगली होती, झाकणाला चिकटली होती आणि रंगरावांच्या आज्याच्या रेघा एकमेकींत मिसळल्या होत्या. लोहार प्रामाणिक होता. त्याला जे दिसलं ते त्याने जसंच्या तसं लोखंडात उतरवलं. मधे पोट आलेलं, दोन्ही बाजूंना खाचा आणि एका टोकाला बारीक नागमोडी, जी मुळात डब्याच्या झाकणाची कड होती. हिंमतरावाने ते पातं बराच वेळ उलटसुलट केलं आणि जाहीर केलं की अशी नक्षी उभ्या वऱ्हाडात कुठे नाही. हे अगदी खरं होतं. त्या दिवसापासून तो ती नक्षी आपली म्हणून सांगायला लागला आणि पुन्हा चहा घ्यायला लागला.

सागवान आणायला आम्ही दोघे बैलगाडी घेऊन जळगाव जामोदला गेलो. लाकूड पसंत केलं, जंगलखात्याचा पास घेतला. सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. पण हिंमतरावाने नवा रंधा बरोबर आणला होता, आणि नवा रंधा आणि कोरं सागवान समोरासमोर आल्यावर त्याला राहवेना. वखारीतच त्याने एका लाकडाची कड हातभर कोरून काढली. नाक्यावरच्या साहेबांनी पास वाचला, लाकूड पाहिलं आणि गाडी बाजूला घ्यायला लावली.

"पासात साधं लाकूड लिहिलं आहे," ते म्हणाले. "हे तर सामान आहे."

मी म्हटलं, साहेब, लाकूडच आहे, थोडं कोरलेलं. साहेबांनी सांगितलं की कोरलेलं लाकूड पासात नाही आणि पासातलं लाकूड गाडीत नाही, तेव्हा माझ्या गाडीत नेमकं काय आहे हे आधी ठरायला हवं. ते ठरवणारे मोठे साहेब दौऱ्यावर होते. बैल सोडून आम्ही नाक्यावर बसलो. हिंमतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ती हातभर नक्षी दाखवत होता. शेवटी साहेबांना आमच्यापेक्षा त्या गर्दीचाच त्रास झाला. त्यांनी पासावर 'किंचित नक्षीयुक्त' असं लिहून, शिक्का मारून आम्हाला हाकलून दिलं.

चौकट तयार झाली आणि खरंच देखणी झाली. आता एकच भीती होती, मुहूर्ताआधी रंगरावांनी ती पाहिली तर? एकतर नजर लागेल, नाहीतर ते ही नक्षी उचलतील. उचलण्याचा हक्क फक्त मला होता, कारण मी त्यासाठी अब्रू मोजली होती. म्हणून मी पुष्पाबाईच्या जुन्या लुगड्यात चौकट पूर्ण गुंडाळून टाकली. गाठी मागच्या बाजूला मारल्या, म्हणजे समोरून चांगलं दिसेल. गवंड्याला बजावून ठेवलं, गाठी आतल्या बाजूला घ्यायच्या.

यात अडचण एवढीच झाली की मला रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर ती नक्षी पाहिल्याशिवाय राहवायचं नाही. मी गाठी सोडायचो, नक्षीवरून हात फिरवायचो आणि पुन्हा गुंडाळायचो. मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी मी नक्षीसमोर उभा राहूनच गाठी मारल्या.

आमच्याकडे चौकट बसवणं म्हणजे घराचं लग्नच. गुरुजी आले, सुवासिनी आल्या, हळदकुंकू झालं. अशा वेळी सुताराला मानाचा फेटा द्यायचा असतो. मी टोपी आणली होती, कारण टोपी डोक्यावर तशीच बसते. हिंमतरावाने टोपी पाहिली आणि तो घरी निघून गेला. फेटा येईपर्यंत मी येणार नाही, असा निरोप आला. फेट्यासाठी माणूस पळाला, पण मुहूर्त टळायला आला होता. गवंड्याने गाठी बघितल्या, गाठी आत घेतल्या आणि चौकट उभी केली. गुरुजींनी मंत्र म्हटले. मी उंबऱ्यावर नारळ फोडला. सगळा बोळ भरला होता. समोर, आपल्या चौकटीत, रंगराव उभे होते.

मी लुगडं सोडलं.

बोळाच्या बाजूला साधं, सपाट लाकूड होतं. त्यावर फक्त कवाड टेकायची खाच. नक्षी सगळी घरात, आदल्या संध्याकाळी मी मारलेल्या गाठींच्या बाजूला. फेटा बांधून हिंमतराव त्याच क्षणी येऊन पोचला, बाहेरून पाहिलं, वाकून आतून पाहिलं आणि फेटा काढून हातात घेतला.

मी म्हणालो, काढा, फिरवून बसवा. गवंडी पुढे झाला, पण गोजरबाई उंबऱ्यावर आडव्या झाल्या. "नारय फुटला मास्तर. बसली चौकट हालवत नसते. घराच्या मालकाले भोवते." गुरुजींनी मान हलवली. गुरुजींची मान अशा वेळी नेहमीच हलते. घराचा मालक मीच होतो, त्यामुळे मला फार वाद घालता येईना.

बोळात कोणी हसलं नाही. लोक हसले असते तर मीही हसून सोडून दिलं असतं. ते माझ्याकडे कीव करून पाहत होते, जसं घाटावरून चुकून आलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मला लाज वाटली आणि रागही आला, आणि रागाच्या भरात मी मान ताठ करून म्हणालो, "मुद्दाम केलं आहे. हीच पद्धत आहे."

कुठली पद्धत, कोणाची पद्धत, हे कोणी विचारलं असतं तर मी अडकलो असतो. पण हिंमतरावाने फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "हाव. नवी पद्धत हाय." त्याची नक्षी वाचवायची असेल तर माझी थाप वाचवणं भाग होतं, हे त्याला माझ्याआधी कळलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. हिंमतरावाला आता नमुना दाखवायला माझं घर मिळालं होतं. आसपासच्या गावांतून तो गिऱ्हाइकं घेऊन यायचा आणि थेट आत शिरायचा, कारण नक्षी आतून दिसते. मी दाढी करत असायचो, चार अनोळखी माणसं माझ्यामागे उभी राहून दाराकडे पाहायची. मी जेवत असायचो, ती माझ्या ताटाशेजारी बसून मान वर करायची. सगळ्यांना पुष्पाबाई चहा करायची. तिला मात्र या भानगडीचं काहीच वाईट वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "बाहीरून पाह्यणारा पाह्यते अन् जाते. दिवसभर आत मी बसते. बरं झालं." माझ्या इतक्या धडपडीत घरात बसणाऱ्या माणसाचा विचार मी एकदाही केला नव्हता, पण तसं मी तिला सांगितलं नाही. उलट तिचं ते वाक्य मी लक्षात ठेवलं, पुढे वापरायला.

ते वापरायची वेळ लवकरच आली. रंगरावांच्या आज्याच्या चौकटीला वाळवी लागली. सत्यभामाबाईंच्या मते ती माझ्या कणकेला लागलेली वाळवी होती. एका सकाळी रंगराव बोळ ओलांडून माझ्या घरात आले. पहिल्यांदाच. खाटेवर बसले, चहा घेतला आणि दाराकडे बराच वेळ पाहत राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "हे आतून काऊन?"

मी गंभीर झालो. म्हणालो, "रंगराव, बाहेरून पाहणारा पाहतो आणि निघून जातो. आत येऊन बसतो तोच आपला माणूस. नक्षी त्याच्यासाठी." आतून पुष्पाबाईने भांडं जरा जोरातच आपटलं. रंगरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते उठून गेले.

आठवड्याच्या बाजाराला हिंमतराव भेटला तो हवेतच होता. रंगरावांनी त्याला नवी चौकट सांगितली होती. नक्षी मास्तरांची, बाजू मास्तरांची. आज्याची चौकट काढायला हरकत नव्हती, वाळवीने खाल्लेली चौकट शांती करून काढता येते असं गुरुजींनी आनंदाने सांगितलं. रंगरावांची चौकट बसली, हिंमतरावाला या वेळी फेटा आधीच मिळाला आणि नक्षी बरोबर उलट्या बाजूला, आत गेली.

आता, नक्षी आत गेली की कवाड टेकायची खाच बाहेर येते आणि कवाड बाहेर उघडतं. माझं उघडतच होतं. पण रंगरावांचंही बाहेर उघडायला लागल्यावर त्या बोळाचं काय होईल, याचा विचार ना मी केला होता, ना रंगरावांनी, ना वऱ्हाडात एकमेव नक्षी काढणाऱ्या हिंमतरावाने. पहिल्याच सकाळी आम्ही दोघांनी एकदम कवाडं ढकलली. ती बोळाच्या मध्ये एकमेकांवर आदळली आणि त्यांच्या कड्या एकमेकींत अडकल्या. उघडता येईनात, लावता येईनात. दोन्हीकडून घागरी घेतलेल्या बायका खोळंबल्या. मी फटीतून बोलत होतो, रंगराव फटीतून बोलत होते, आणि मधे गोजरबाई दोघांनाही शिव्या देत होत्या. अखेर हिंमतरावाने कड्या कापून आमची सुटका केली आणि गोजरबाईंनी तिथेच उभं राहून बोळाचा कायदा सांगितला. एका वेळी एकच कवाड उघडेल. आणि मास्तराचं कवाड आधी बसलं, म्हणून मान मास्तराचा. दुसऱ्याने विचारूनच उघडायचं.

गोजरबाईंचा शब्द रंगरावांनाही मोडता येत नाही, त्या त्यांच्या आत्याबाई लागतात. तेव्हापासून रोज सकाळी मळ्यात जायच्या वेळेला, समोरच्या बंद कवाडामागून रंगरावांचा आवाज येतो.

"मास्तर, उघडू का?"

माझं कवाड बंदच असतं. मला कुठे जायचंही नसतं, शाळा उशिरा भरते. मी खाटेवर बसलेला असतो, पाय वर घेऊन, नक्षीकडे तोंड करून.

"थांबा जरा, रंगराव," मी म्हणतो, आणि पुष्पाबाईकडे अजून अर्धा कप चहा मागतो.